ऐंशीवरची टिकली

ज्यांचं माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे त्या अक्का. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. जळगावच्या कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे.

मी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पहिल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये एक बेडूक निपचित पडलेला दिसला. खिडकीतून आला असावा. पोरं म्हणाली, मेला. माझ्या तोंडून घरच्या अहिराणीत निघून गेलं, "जित्ता शे तो. त्याना गळा हाली राहिना." सगळा वर्ग हसला. मागून कोणीतरी बकरीसारखं "शेऽ, शेऽ" करून दाखवलं. अक्का बेसिनवर वाकल्या, चष्मा सरकवला आणि म्हणाल्या, "हालतोय खरा. एवढ्या जणांत एकानेच बघितलं. बाकीच्यांनी नुसतं मत दिलं."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

दुसऱ्या वर्षी मला वसतिगृह मिळालं नाही. अक्का पिंप्राळ्यात राहायच्या, त्यांच्या घराची वरची खोली रिकामी होती. म्हणाल्या, "ये राहायला. भाड्याच्या बदल्यात माश्या पाळायच्या."

"कसल्या माश्या?"

"केळ्यावर घोंगावतात त्या, चिलटांसारख्या. आमच्याकडे चार जण आहेत जेवायला. त्यांना दुसरं काही चालत नाही."

ते चार जण म्हणजे खालच्या मधल्या खोलीतले चार बेडूक. दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलातली जात, पण हे चारही पुण्यात एका पाळणाऱ्याकडे काचेच्या पेटीतच जन्मलेले. कागदपत्रं फाईलला लावलेली होती. आकार अंगठ्याच्या पेराएवढा, अंग काळं आणि त्यावर ओल्या शेवाळासारखे हिरवे पट्टे. टेबलावर ठेवलेला मोबाईल थरथरावा तसा त्यांचा आवाज. चारही नर होते. अक्कांना डोळे मिटून कळायचं कोणता बोलतोय.

ती पेटी अक्कांच्या यजमानांनी केली होती. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी राहायला जाण्याच्या दोन वर्षं आधी ते गेले. घरात त्यांचा उल्लेख 'सर' असाच व्हायचा. पेटीच्या तळाशी गोटे, त्यावर जाळी, त्यावर नारळाचा भुसा, वर शेवाळ, पानवेली, पाण्याची वाटी आणि एक कुजका ओंडका. झाकण काचेचं, त्याला बोटभर रुंदीची जाळीची पट्टी. समोर सरांची वेताची खुर्ची. खुर्चीवर कोणी बसत नसे. मना केलेलं नव्हतं, पण बसत नसे.

आत हवेतला ओलावा मोजायचं घड्याळासारखं एक यंत्र होतं. त्याच्या ऐंशीच्या आकड्यावर एक लाल टिकली चिकटवलेली होती. ती अक्कांची, सरांनी चिकटवलेली. काटा त्या टिकलीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम. जळगावात मे महिन्यात धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते. तिथे एका पेटीत ॲमेझॉनचं जंगल ओलं ठेवायचं म्हणजे काय, ते मी हळूहळू शिकलो. बेडकांना गारवा हवा म्हणून एसी लावावा, तर तो हवा कोरडी करतो. कूलर लावावा, तर ओल मिळते पण खोली हवी तेवढी गार होत नाही. म्हणून एसी चालू, खिडकीला ओलं गोणपाट, जाळीची पट्टी अर्धी झाकलेली, आणि दिवसातून तीन-चारदा फवारणी. पट्टी पूर्ण झाकली की बुरशी धरायची.

फवारणीचं पाणीही ठरलेलं. बोअरचं नाही, त्याने काचेवर पांढरे डाग पडतात. नळाचं नाही, त्यात औषध असतं. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते शुद्ध पाणी, पाच लिटरच्या कॅनमधलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो, हे पुस्तकात मी वाचलं होतं. त्या पेटीसमोर ते खरं वाटलं.

आणखी एक नियम होता. समोरची काच आतून पुसायची नाही. बाकीच्या तीन पुसायच्या. कारण अक्कांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुपारी चारची फवारणी अक्का स्वतः करायच्या, खोलीचं दार लोटून. कोमट पाण्याने. अर्ध्या तासाने बाहेर यायच्या आणि चहा टाकायच्या.

मी बी.एस्सी. झालो त्या उन्हाळ्यात अक्कांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. नाशिकला, मुलीकडे. दीड महिना तरी परत येणं नव्हतं. रिक्षा दारात उभी असताना त्यांनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या. "चार आहेत," म्हणाल्या. "चार राहू देत. एवढंच मागणं तुझ्याकडे." आणि मग, "चारला फवारणी चुकवू नकोस. मी रोज फोन करीन. फोन काचेजवळ धर, मला ऐकू दे."

मी हो म्हणालो. तोवर अक्कांनी माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

त्या दिवशी चार वाजता मी पहिल्यांदा त्या खोलीत एकटा होतो. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे भर दुपारी पोरांना विहिरीकडे जाऊ देत नाहीत. रात्रीपेक्षा ती वेळ वाईट, असं मानतात. दुपारच्या उन्हात गल्ली कशी दिसते ते ज्याने पाहिलंय त्याला याचं नवल वाटायचं नाही. सगळं लख्ख दिसतं आणि कोणी नसतं.

मी बाटली गरम पाण्यात धरून आतलं पाणी कोमट केलं आणि फवारलं. एसीने गार झालेल्या काचेवर आतून वाफ धरली. काटा नव्वदकडे सरकला. एक बेडूक बोलला, मग दुसरा. आणि समोरच्या काचेवर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, एक हात उमटला.

पाची बोटं पसरलेली. मोठा पंजा. वाफ सगळीकडे पांढरी आणि तेवढा हात स्वच्छ, त्यातून मागची पानं दिसत होती.

मी मागे सरकलो तो खुर्चीला अडखळलो. तेवढ्यात फोन वाजला.

"काच आली का?" अक्कांनी विचारलं. म्हणजे काचेवर वाफ धरली का.

"आली," मी म्हणालो.

"धर फोन."

मी फोन धरला. बेडूक बोलत होते. हात माझ्या फोनच्या मागे, वीतभर अंतरावर होता. पलीकडून अक्कांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "चारही बोलले. जेवून घे नीट."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. कारण मला संध्याकाळपर्यंत सुचलं. सरांनी कधीतरी पेटीत वेली लावताना आतून काचेला हात टेकला असेल. तळव्याचा तेलकटपणा काचेवर राहतो, वाफ तिथे धरत नाही. काच पुसली नाही तर खूण राहते. ओल असेल तर दिसते, ओल गेली की नाहीशी. कारण बरोबर होतं. तरी दुसऱ्या दिवशी चार वाजता तो हात उमटताना मी दाराजवळ उभा राहून पाहिला. पुढे सवय झाली, पण काचेकडे पाठ करून मी त्या खोलीतून कधी बाहेर आलो नाही.

हेही कळलं, की ऐंशीच्या जरा खाली काटा गेला की हात विरायला लागायचा. आधी करंगळी जायची. अंगठा शेवटपर्यंत राहायचा. अक्का टिकली का सांभाळत होत्या ते मला तेव्हा समजलं. बेडकांसाठी तर होतंच.

तीन आठवडे बरे गेले. वीज गेली की पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचो आणि झाकणावर बर्फाची पिशवी ठेवायचो. शेजारच्या काकू एकदा चारच्या सुमारास फाटकाशी थांबल्या. "तुमच्याकडे मे महिन्यात बेडूक ओरडतात हो," म्हणाल्या. "आमचे हे म्हणतात, प्राध्यापक होते तेव्हा पण असंच ओरडायचे. याच वेळेला." आणि त्या खोलीच्या खिडकीकडे न बघता निघून गेल्या.

मी सुट्टीत घरी येत नाही म्हणून आई आली. धुळ्याहून एसटी बदलून, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि पेटीसमोर उभी राहिली.

"कितला शेत?"

"चार."

"इतला धाकला?" तिने अंगठ्याचं पेर दाखवलं. "यासनाकरता तू घर सोडीसन आठे राहिना?"

"अक्कांचे आहेत गं ते."

"मंग बरोबर शे," ती म्हणाली. अक्कांचं नाव निघाल्यावर तिचं भांडण संपत असे. ती माझ्या पहिल्या गॅदरिंगला अक्कांच्या पाया पडली होती आणि अक्कांनी तिला वर उचलून शेजारी बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला एम.एस्सी.च्या फॉर्मसाठी कॉलेजात जावं लागलं. रांग मोठी होती. निघताना दहा वाजता मी फवारलं आणि आईला टिकली दाखवली. "काटा हिच्या खाली आला तर या बाटलीने दोन-चारदा मार. बाटलीतलं संपलं तर कॅन तिथे आहे." आईला लिहिता-वाचता येत नाही, पण टिकली समजली.

मी दीडला परतलो. आई खोलीत जमिनीवर, वेताच्या खुर्चीच्या शेजारी बसली होती. पदर डोक्यावर घेतलेला. वडीलधारं कोणी समोर असलं की ती तसा घेते.

"आठे कोणी बठेल शे," ती खुर्चीकडे बघत हळू म्हणाली. ती घाबरलेली नव्हती. "त्याना हात दखाना माले. मंग तो हात जाई राहिंता, म्हनीसन मी पानी मारं. परत उना."

मी काचेकडे पाहिलं. हात होता. तोवर मला वाटायचं, हे फक्त मी आणि अक्का जाणतो. मी वाफेचं आणि तेलकट खुणेचं कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"व्हई," म्हणाली. "पन तहान त्याले बी लागस."

तिसऱ्या दिवशी मी तिला एसटीत बसवलं. खिडकीतून तिने हात हलवला.

त्याच संध्याकाळी मला दिसलं, की दोन बेडूक काचेच्या अगदी वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलेत. शेवाळावर एकही नाही. पाण्याच्या वाटीजवळ एकही नाही. काटा नव्वदवर होता. मला वाटलं ओल कमी पडत असेल, म्हणून मी आणखी फवारलं. रात्रभर एसी वाढवून पाहिला. सकाळी पुन्हा फवारलं. ओंडक्याखाली एक बेडूक पोट वर करून पडलेला होता. कातडीवर दुधासारखा पातळ थर. मी वाकून गळा पाहिला. गळा हलत नव्हता.

मी बाटली भरायला उठलो. तेव्हा कॅनकडे लक्ष गेलं. कॅन जिथपर्यंत भरलेला मी सोडला होता, तिथपर्यंतच होता. दोन दिवसांत थेंबही कमी झालेला नव्हता. मी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब जिभेवर घेतला. जीभ आक्रसली. ती चव मला लहानपणापासून माहीत आहे. तुरटी.

मी गावी आमच्या शेजाऱ्यांना फोन लावून आईला फोनवर बोलावून घेतलं. रागावलो नाही, सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने सगळं सरळ सांगितलं. त्या सकाळी नळाला गढूळ पाणी आलं होतं. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून तुरटीचा खडा आणून हंड्यात फिरवला होता. आमच्या गावी पाहुण्याला असंच निवळलेलं पाणी देतात. घरच्यांसाठी सात वेळा फिरवतात, तिने दुप्पट फिरवला. मग बाटलीतलं ओतून टाकून ती हंड्यातल्या, उन्हाने कोमट झालेल्या पाण्याने भरली, वाटीही भरली, आणि रिकामी होईल तशी भरत राहिली.

"कॅन होता ना आई."

"बॅटरीनं पानी?" ती म्हणाली. "बॅटरीनं पानी मानूसले कसं देवानं? तू बी येडा शे." आणि मग, "काब्र, काय व्हयनं?"

"काही नाही," मी म्हणालो. आजही तिला माहीत नाही.

तिने फवारलं असेल ते एका दिवसापुरतं. ती गेल्यावर त्याच बाटलीने मी फवारलं होतं.

उरलेले तीन वाचवायचे तर एकच उपाय होता. त्यांना ओल्या शेवाळाच्या डब्यात काढायचं, आतली माती, शेवाळ बदलायचं, पानं धुवायची, ओंडका धुवायचा. आणि काचा. चारही काचांवर तुरटीचे थेंब वाळून पांढरे ठिपके झाले होते. हे बेडूक काचेला पोट चिकटवून बसतात. समोरची काच त्यांची सगळ्यात आवडती, कारण तिकडून उजेड येतो. ती काच तशीच ठेवली तर ते ठिपके पुन्हा ओले होऊन त्यांच्या पोटात जाणार. पुसली तर हात जाणार.

मी तीन काचा पुसल्या. समोरच्या काचेसमोर ओलं फडकं घेऊन उभा राहिलो. वाफ नव्हती, हात दिसत नव्हता, पण कुठे आहे ते मला बोटाबोटाने पाठ होतं. बाजूबाजूने पुसून तेवढा भाग सोडावा असंही मनात आलं. मी जवळ जाऊन पाहिलं. ठिपके नेमके तिथेच दाट होते. आईने हाताला नेम धरून पाणी मारलं होतं.

खोलीत एसीचा आवाज होता. मागे वेताची खुर्ची करकरली. हवा बदलली की वेत करकरतो, हे मला माहीत आहे. मी वळलो नाही. मोठ्याने म्हणालो, "सर, माफ करा." आणि काच पुसली. बॅटरीच्या पाण्याने, तीनदा, वरपासून खालपर्यंत.

चार वाजता तिघांना परत सोडलं आणि कोमट पाणी फवारलं. वाफ आली. काच एकसारखी पांढरी झाली, कुठेही काही नाही. फोन वाजला.

"काच आली का?"

"आली."

दोन बेडूक बोलले. बऱ्याच वेळाने तिसरा. अक्का थांबून होत्या.

"आज तीनच बोलले," म्हणाल्या.

"एक झोपलाय, अक्का."

पलीकडे पुन्हा तो श्वास. "बरं," त्या म्हणाल्या. ज्यांनी भर वर्गात खरं बोलल्याबद्दल माझी बाजू घेतली होती, त्यांना मी खोटं सांगितलं होतं. पुढचे चार दिवस त्यांनी फोनवर आवाज ऐकले आणि आकडा विचारला नाही. ते मला जास्त जड गेलं. पाचव्या दिवशी मी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

अक्का,

चार सांगितले होते, तीन आहेत. जो सगळ्यात उशिरा आणि लांब बोलायचा तो गेला. फोनवर मी झोपलाय म्हणालो ते खोटं होतं. तो तेव्हा मोगऱ्याच्या कुंडीत होता. कापसात गुंडाळून पुरलाय, वर गोटा ठेवलाय.

चूक माझी आहे. आई आली होती. तिने बाटलीत तुरटीचं पाणी भरलं. ती आमच्या घरची सगळ्यात चांगली पाण्याची रीत आहे. मी तिला काटा दाखवला, टिकली दाखवली, पण हेच पाणी का आणि दुसरं का नाही ते सांगितलं नाही. तिला कळणार नाही असं मी धरून चाललो. तुम्ही माझ्याबाबतीत असं कधी धरून चालला नाहीत. तिला यातलं काही बोलू नका, एवढी विनंती.

आता जे सांगायचं आहे ते फोनवर जमलं नसतं. समोरची काच मला आतून पुसावी लागली. तिच्यावर काय होतं ते मला माहीत होतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, तरी माहीत होतं. तिघं जगावेत म्हणून पुसली. तिघं शेवाळावर उतरलेत, खातायत, गळे हलतायत.

चार दिवस काचेवर काही आलं नाही. काल चार वाजता वाफ धरली आणि त्याच जागी हात आला. पाची बोटं. मी पुसताना हातात फडकं होतं. तोल सावरताना माझा तळवा काचेला टेकला असेल, किंवा नसेल, मला आठवत नाही. माझा असेल तर लहान असायला हवा. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिलेला नाही. तुम्ही येईपर्यंत ठेवणार नाही, आणि ती काच पुन्हा पुसणार नाही.

तुम्ही या आणि बघा.

काटा टिकलीच्या वर आहे.

तुमचा,
वरच्या खोलीतला